आठ माणसांची होडी

मे महिन्यात बायका माहेरी जातात. मी होडी आणायला गेले.

कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं वेडेपणाचं वाटणार नाही. दाजीपूरच्या जंगलाच्या अलीकडे आमचं धरण. पाणी अडलं तेव्हा गाव उठून दोन काठांना गेलं. मी या काठाला, सहकारी संघाच्या गोदामाजवळ. तिथंच मी भांडारपाल आहे. थोरली बहीण अक्का त्या काठाला, भाऊजींच्या उरलेल्या तुकड्यावर. भाऊजी गेले, अक्काला मूलबाळ नाही, माझं लग्न झालं नाही. म्हणजे एकमेकींना आम्ही दोघीच. मधे अर्ध्या मैलाचं पाणी. तिची चूल पेटलेली मला माझ्या ओसरीतून कळते, पण भेटायचं तर तालुक्याला जाऊन एस.टी. बदलायची, उतरल्यावर दोन कोस चालायचं. जून ते सप्टेंबर तोही रस्ता बंद.

गेल्या पावसाळ्यात चार दिवस तिच्या घरावर धूर दिसला नाही. पाचव्या दिवशी दिसला. दसऱ्याला गेले तेव्हा कळलं, तापानं पडून होती, कळशीभर पाणी उशाशी घेऊन.

"मेले असते तर धूर मोठा दिसला असता की तुला," अक्का म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. पुढच्या पावसाच्या आत होडी आणायची हे मी परतीच्या एस.टी.त ठरवलं.

आमच्याकडे होड्या कोणी बांधत नाही. आमच्या शाळेत पूर्वी देवगडकडचे एक गुरुजी होते, त्यांना पत्र घातलं. उत्तर आलं: विजयदुर्गाच्या खाडीवर एक म्हातारे मेस्त्री आहेत, त्यांच्याकडे एक होडी पडून आहे, लांबी सोळा फूट. वजन विचारलं होतं, त्याला उत्तर होतं, "आठ माणसं रेतीवरून नेतात."

माझं आयुष्य पोती मोजण्यात गेलं. माणूस चाळीस किलो सहज उचलतो. आठ माणसं म्हणजे तीन क्विंटल वीस. वहीत लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले.

संघानं मोडीत काढलेली उघडी जीप, मागे हौदा असलेली, माझ्याकडे होती. चालवायला मला भाऊजींनी शिकवलं होतं. तिच्यामागे लावायची दोन चाकांची गाडी बापू लोहारानं केली. मी उसाच्या ट्रॉलीसारखा मागे आकडा धरून चालले होते. बापूनं तो विचार मोडला. धरणाच्या कामाला लांबलचक यंत्रं घेऊन ट्रेलर येत, ते त्यानं पाहिले होते. त्यांचा सांधा ओढणाऱ्या गाडीच्या शेपटीला नसतो, पाठीवर असतो, बरोबर मागच्या चाकांच्या दांड्यावर. "सोळा फूट लाकूड शेपटीला बांधलंसा तर वळणावर शेपूटच तुम्हाला हलवंल," तो म्हणाला. म्हणून मागच्या गाडीला त्यानं बगळ्यासारखी मान काढली आणि ती हौद्यात आणून फिरत्या तबकडीवर टेकवली.

"आता तीन गोष्टी लिवा," बापू म्हणाला. "जीप ओढंल किती, पाठीवर पेलंल किती, आनि थांबंल का. लोक पयलीच इचारत्यात."

मी तिन्ही लिहिल्या. थांबायला ब्रेक फक्त जीपचे, म्हणून घाटात मागची गाडी आणि माल मिळून नऊ क्विंटल, त्यावर एक पोतं नाही. मागची रिकामी गाडी काट्यावर चार क्विंटल दहा भरली. होडी धरून सात क्विंटल तीस. त्यातला चौथा हिस्सा मानेतून जीपच्या पाठीवर येणार. गोदामात हौद्यात पोती टाकून पाहिलं: एका क्विंटलला जीपच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे बोटभर खाली बसतात. खडूनं खुणा करून ठेवल्या. होडी चढली की दोन बोटांच्या आत पाटे बसले पाहिजेत. हिशेब चोख होता.

फोंडा घाट, उतरताना

रजा आठ दिवसांची. पहाटे निघाले. शेजारची सीट रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर पाण्याची कळशी आणि भाकरीचं गाठोडं ठेवलं. रिकामी गाडी मागे डबा बडवल्यासारखी वाजत होती, पण वळणावर मान अशी मुकाट वळायची की बापूला मनात शाबासकी दिली. घाट उतरला तशी हवा दाट झाली. आमच्याकडे मे महिन्यात ऊन भाजतं, इथे ते उकडतं. मातीचा रंग तांबडा, घरं तांबड्या चिऱ्याची, रस्त्याकडेला काजूच्या बोंडांचा आंबूस वास.

नांदगावच्या फाट्यावर चहाला थांबले. टपरीवाल्यानं आधी जीप पाहिली, मग मागची मान, मग मला.

"खंयसून इलात?"

सांगितलं.

"आणि घो खंय तुमचो?"

नवरा नाही म्हटल्यावर त्यानं चहात साखर जास्त घातली. त्या आठ दिवसांत "एकटीच?" हा प्रश्न मला एवढ्या वेळा विचारला गेला की तिसऱ्या दिवसापासून मी वहीत रेघा मारू लागले. चौदा झाल्या. कोणी वाईट हेतूनं विचारत नव्हतं, हेच त्यातलं अवघड होतं.

विजयदुर्गाची खाडी

मेस्त्रींना सगळे तात्या म्हणतात. सत्तरीचे, काळे, कमरेला पंचा, पायांचे अंगठे बाजूला फाकलेले. मुलगा मुंबईला गिरणीत. घरी सून शेवंती. माडाच्या झापांच्या मांडवात होडी पालथी होती. तात्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला सांगितलं की ही शेवटची शिवलेली. आता सगळ्यांना खिळ्यांची आणि मशीनची होडी हवी.

शिवलेली म्हणजे खरोखर शिवलेली. खाली एकाच आंब्याच्या खोडाचा कोरलेला तळ, त्यावर दोन्ही बाजूंना फळ्या, आणि फळी तळाला काथ्याच्या दोरीनं टाके घालून जोडलेली. एकही खिळा नाही. गोधडी लाकडाची असावी तशी. वरून उंडीच्या बियांच्या तेलाचे हात देऊन देऊन ती काळी कुळकुळीत झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज खाऊन होडी चढवायची होती. आमच्याकडे सकाळी भाकरी मोडतात, इथे उकड्या तांदळाची पेज आणि सोबत भाजलेला सुका बांगडा. मला बांगड्याची सवय नाही. शेवंतीनं ते पाहिलं आणि खारातली कैरी पुढे केली.

आठ माणसं जमली. मी वही घेऊन उभी. मला वाटलं, आता खांदा देऊन उचलतील. त्यांनी वाळूत सुपारीचे ओंडके आडवे टाकले, त्यांवर माशाचं तेल ओतलं, पालथी होडी उताणी करून त्यांच्यावर लोटली आणि "हय्या हो" करत ती लोण्यावरून सुरी जावी तशी गाडीपर्यंत नेली. मागचे ओंडके उचलून पुढे, मागचे उचलून पुढे.

"उचलत नाही?" मी विचारलं.

"होडी कोण उचलता, बाय?" एक जण म्हणाला. "उचलूक ती काय पाळण्यातला पोर?"

सगळे हसले. मला मात्र माझी चूक तिथेच दिसली. आमच्या गोदामात वजन म्हणजे उचलणं. या काठावर होडीचं वजन कोणी अंगावर घेतच नाही, ते ओंडक्यांवरून सरकतं. आठ माणसांनी नेलेली होडी आठ माणसांनी उचललेली नव्हती. हे गुरुजींना सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं ते सांगण्यासारखं नव्हतंच. आणि मी विचारलं नाही.

फळ्यांच्या उतारावरून होडी गाडीवर चढली. मी खाली वाकून पाट्यांच्या खुणा पाहिल्या. दोन बोटं नाही, पुरती तीन. तिनाच्या चौपट बारा. त्यातून गाडीचे चार वजा. होडी आठ क्विंटल होती.

आयुष्यभर वजनं करणाऱ्या बाईनं पाच क्विंटलची चूक केली होती.

तरी मी जीप सुरू केली. खाडीपासून रस्त्यापर्यंत चिऱ्याची चढण आहे, जेमतेम शंभर पावलं. हे शंभर चढले तर घाट चढेल, असं स्वतःला समजावलं. अर्ध्यात पुढची चाकं हलकी झाली, स्टिअरिंग हातात रिकामं फिरल्यासारखं वाटलं, क्लचचा करपट वास आला आणि इंजिन बसलं. जीप मागे सरकू लागली. ब्रेक दाबला तर जीप थांबायला बघते आणि मागचं ओझं तिला धरून खाली ओढतं. आठ जणांनी चाकांमागे चिरे टाकले म्हणून खाडीत गेलो नाही.

"धाडस बरा आसा बायचा," खालून आवाज आला. "पण गाडयेक इचारल्यान नाय."

होडी मागे सरकवून पाहिली. पाटे वर आले, पण मग मानच वर उचलली जाऊ लागली आणि मागची गाडी डुलायला लागली. पुढे घ्या, मागे घ्या. ओझं सरकवता येतं, कमी करता येत नाही. दुपारी उन्हात सगळे आपापल्या घरी गेले आणि मी मांडवात एका ओंडक्यावर बसले. समोर खाडी, पलीकडे किल्ल्याची काळी भिंत, पाणी इतकं उजळ की डोळे मिटावे लागत. इतकं पाणी पाहून माझ्या मनात एकच पाणी होतं. जूनला तीन आठवडे उरले होते. अक्काला मी सांगून आले होते की या वर्षी ताप आला तर मी येईन.

तात्या शेजारी येऊन बसले. होडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाय, शिवलेला उसवता येता मा?"

मी होडीच्या टाक्यांकडे पाहिलं.

"तळ वेगळो न्हेवा. फळये वेगळे न्हेवा. वर जावन शिवा."

"कोण शिवणार? तुम्ही येता वर?"

त्यांनी मान हलवली. "माका दर्याचो आवाज नाय इलो तर झोप लागणा नाय. मी घाट चढलंय नाय कधी, आता चढूचंयव नाय." मग माझ्या हातांकडे पाहिलं. "गोणी शिवतास मा तुमी? मगे?"

दोन दिवस टाके

पहिला दिवस उसवण्यात गेला. तात्या दोरी कापत नव्हते, टाका टाका सोडवत होते, जसा घातला त्याच्या उलट. ज्या होडीची मागणी तीन वर्षं झाली नव्हती, तिला स्वतःच्या हातानं मोडताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता, म्हणून मी फळ्यांवर खडूनं आकडे घालत राहिले: डावी एक, डावी दोन, उजवी एक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दोन जुन्या फळ्यांवर शिकवलं. सांध्यावर काथ्याची जाड वळी ठेवायची, ती दोन्ही फळ्यांवर सारखी बसली पाहिजे. दोरी दुहेरी, भिजवलेली; कोरडी घेतलीत तर नंतर ढिली पडते. भोकातून आत, वळीवरून बाहेर, आणि ओढताना हातानं नाही, पाय फळीवर रोवून पाठीनं ओढायचं. शेवटी भोकात काथ्या ठोकून तेल. गोणी शिवण्याशी या सगळ्याचा संबंध दोऱ्यापुरताच होता. माझे पहिले सहा टाके त्यांनी सोडवायला लावले.

"ह्यो तुमचो टाको," ते म्हणाले, "पावण्यासारखो बसलोहा. घरच्यासारखो बसूक व्हयो."

शेवंती ओट्यावर कोकमं फोडत होती. ती म्हणाली, "बाय, मामंजी माका कधी शिकवूक नाय हां. वीस वर्सां झाली."

"तू कधी इचारलंस?" तात्या म्हणाले.

ती लाल झालेले हात धुऊन आली आणि माझ्याशेजारी फळीवर पाय रोवून बसली. तिचा टाका पहिल्याच वेळी घरच्यासारखा बसला. तात्यांनी तो दोनदा अंगठ्यानं दाबून पाहिला.

कुणकेश्वर

फळ्यांची सोय शेवंतीनं केली. तिच्या माहेरचा एक ड्रायव्हर आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जातो. सोळा फुटी होडी त्याच्या ट्रकात मावत नव्हती, पण फळ्या तळाशी आडव्या घालून वर पेट्या रचता येणार होत्या. तो आमच्या फाट्यावर त्या उतरवून देणार होता. ट्रक रविवारी निघणार, म्हणून शनिवार माझा मोकळा राहिला. मोकळा दिवस मला नेहमीच जड जातो.

मागची गाडी सोडून नुसती जीप घेऊन कुणकेश्वरला गेले. देऊळ समुद्राच्या इतकं जवळ आहे की घंटा वाजवली की उत्तर लाटेकडून येतं. सुटीचे दिवस, कुटुंबंच्या कुटुंबं आलेली. फुलं विकणाऱ्या बाईनं विचारलं, "किती माणसां?" मी एक म्हटलं. तिनं तरीही दोन पुड्या बांधल्या. "एकच पुडी हाडलास तर देवाक बरा दिसणा नाय," म्हणाली. मी एक माझ्या नावानं वाहिली, दुसरी अक्काच्या.

मग वाळूत बसून भाकरी खाल्ली. आमच्या धरणाचं पाणी पाहिलं की पलीकडचा काठ दिसतो. इथे पलीकडे काहीच नव्हतं. मला ते फार आवडलं नाही. लोकांना समुद्र मोठा वाटतो म्हणून आवडतो. मला पाण्याला दुसरा काठ लागतो, आणि त्यावर एक घर.

फोंडा घाट, चढताना

तळ एकटा चढवला तेव्हा पाटे दोन बोटांहून किंचित जास्त बसले. म्हणजे एकूण साडेआठच्या थोडं वर, नऊच्या आत. खाडीची चढण जीपनं कुरकुर न करता घेतली. तात्या वर रस्त्यापर्यंत चालत आले. तळाच्या पुढच्या टोकावर हात ठेवून उभे राहिले आणि मला नाही, तिला म्हणाले, "गोड्या पाण्यात चल्लंस. सांबाळ."

घाट दुसऱ्या गिअरात, एका दमात. थांबायचं नाही हे ठरवलं होतं, कारण थांबल्यावर काय होतं ते पाहून झालं होतं. मधल्या एका वळणावर वरून एस.टी. आली. ड्रायव्हरनं माझ्यामागचं सोळा फुटी खोड पाहिलं आणि आपणच एस.टी. मागे घेतली. त्याला हात करायलाही माझा हात मोकळा नव्हता. माथ्यावर रेडिएटर हुंदके देत होता. कळशीतलं सगळं पाणी तो प्यायला.

ट्रक आधीच येऊन गेला होता. फाट्यावर फळ्या रचलेल्या, आणि त्यांवर न मागितलेले डझनभर आंबे, गवतात.

काठावर

होडी शिवायला मला सहा दिवस लागले. गोदाम सुटलं की काठावर, अंधार पडेपर्यंत. अक्का पलीकडून पाहत असे. तिच्या हिरव्या लुगड्याची खूण दिसायची, हालचाल दिसायची, बोलणं ऐकू येत नसे.

तात्यांनी निघताना बजावलं होतं की शिवून झाली की होडी उथळ पाण्यात दगड घालून बुडवायची आणि दोन रात्री तशीच ठेवायची. लाकूड पाणी पिऊन फुगतं, सांधे आवळले जातात, मग ती गळत नाही. सगळे खाडीकाठचे हेच करतात. मी वहीत तसं लिहिलं आणि तसंच केलं. शुक्रवारी संध्याकाळी होडी ओंडक्यांवरून पाण्यात लोटली, दगड भरले, ती काठोकाठ भरून खाली बसली. मी घरी जाऊन झोपले.

रविवारी सकाळी दगड काढले, पाणी उपसलं. नंतर आत एक थेंब झिरपला नाही. वल्हवत निघाले. हात चुकत होते, होडी तिरकी जात होती, पण जात होती. त्या काठाला लागले तेव्हा ओरडून हाक मारली. दाराला कुलूप होतं.

घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. चूल गार. शेळी शेजारच्या वस्तीवर बांधलेली. तिथला म्हातारा म्हणाला, "शनवारी पाटंच गेली की. भन बुडाली म्हून रडत गेली."

मी इथून तिथवर सगळं लिहिलं होतं. होडी मुद्दाम बुडवतात हे अक्काला सांगायला हवं, हे लिहिलं नव्हतं. तिनं पलीकडून पाहिलं ते एवढंच: मी होडी पाण्यात घातली, ती खाली गेली, आणि अंधार झाला.

मी परत वल्हवायला लागले. अर्ध्यात आले तेव्हा माझ्या काठावर हिरवं लुगडं दिसलं. दोन कोस चालून, पुढची गाडी चुकल्यामुळे शनिवारची रात्र तालुक्याच्या स्टँडवर काढून ती सकाळच्या एस.टी.नं आली होती. होडी टेकायच्या आधी ती गुडघाभर पाण्यात उतरली, माझा दंड धरला आणि पाठीत एक बुक्की घातली. मग दुसरी.

"जित्ती हाईस व्हय!"

तिचे पाय सुजले होते. मी तिला ओसरीत बसवलं, पाय गरम पाण्यात घातले, होडी का बुडवतात ते सांगितलं. तिनं दोनदा सांगायला लावलं. मग आंबा खाल्ला, झोपली, आणि दुपारी उठून म्हणाली, "चल, सोड मला घरला. शेळी हाय."

होडीत ती दोन्ही कडा धरून, डोळे मिटून बसली. मधल्या पाण्यात आल्यावर एक डोळा उघडला.

"म्होरच्या टायमाला बुडवणार असलीस तर आधी सांगायचं मला."

"कसं सांगणार अक्का? मधे पाणी आहे."

"पाणी हाय तर काय झालं," ती म्हणाली. "येऊन सांग. होडी हाय की आता."